बद्रुद्दीन तय्यबजी : दिवाणी आणि फौजदारीतला फरक जगून दाखवणारा न्यायाधीश

आमच्या शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला न्यायव्यवस्थेचा धडा आला की मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. सर, दिवाणी म्हणजे काय आणि फौजदारी म्हणजे काय? पुस्तकात व्याख्या आहे. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. मुलांचं सोडा, मोहल्ल्यातली मोठी माणसंसुद्धा यात गोंधळतात. उसने दिलेले पैसे परत येत नाहीत म्हणून पोलीस ठाण्यात खेटे घालणारे लोक मी पाहिलेत. उलट, मारहाण झाली तरी तो घरातला मामला आहे म्हणून गप्प बसणारेही पाहिलेत. कोणत्या दारावर थाप मारायची हेच माहीत नसेल तर इन्साफ मिळणार कसा?

गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीच्या भाषेतून आलेत. मोगल काळात महसूल आणि मालमत्तेचा कारभार दिवाणाकडे असे, तर बंदोबस्त आणि गुन्ह्यांचा फौजदाराकडे. वकील, दावा, फिर्याद, जामीन, मुन्सफ, हुकूमनामा, कोर्टातले हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. पण आज कोर्टात जी पद्धत चालते तिचा सांगाडा इंग्लंडचा आहे. शब्द आपले, पद्धत इंग्रजांची. ही पद्धत तिच्या मूळ गावी जाऊन शिकलेला आणि मुंबईत ती भल्याभल्यांसमोर वापरून दाखवणारा एक माणूस आपल्यात होऊन गेला. त्यांचं नाव बद्रुद्दीन तय्यबजी. त्यांची गोष्ट सांगितली की धडा आपोआप समजतो, असा माझा अनुभव आहे.

खंभातचं घराणं, मुंबईचा मुलगा

बद्रुद्दीन साहेबांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणं सुलेमानी बोहरा, मूळ गुजरातमधल्या खंभातचं, व्यापार करणारं. वडील मुल्ला तय्यबअली भाईमियाँ हे धार्मिक विद्या जाणणारे गृहस्थ. त्या काळी इंग्रजी शिकणं म्हणजे दीन बिघडणं अशी समजूत समाजात पक्की होती. अशा वेळी या माणसाने आपल्या मुलांना शिकायला युरोपला पाठवलं. दीन आणि दुनियेचं इल्म यांत भांडण नाही, हे त्यांनी व्याख्यान देऊन नाही, तर खिशातले पैसे खर्च करून दाखवलं.

बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. डोळ्यांचा त्रास लहानपणापासून होता. १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते इंग्लंडला पोहोचले. मॅट्रिक झाल्यावर १८६३ मध्ये लंडनच्या मिडल टेंपलमध्ये त्यांनी नाव घातलं. डोळ्यांनी दगा दिला म्हणून १८६४च्या अखेरीस मुंबईला परतावं लागलं. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. हे पुढच्या वर्षी परत गेले, अभ्यास पुरा केला आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले.

त्यांचे मोठे भाऊ कमरुद्दीन याआधीच, १८५८ साली, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले होते. असे होणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. एक भाऊ सॉलिसिटर, दुसरा बॅरिस्टर. इंग्रजी वकिलीचे दोन भाग समजून घ्यायला हे एक घर पुरेसं आहे. सॉलिसिटर पक्षकाराला भेटतो, कागदपत्रं जमवतो, दावा तयार करतो. बॅरिस्टर मोठ्या कोर्टात उभा राहून बाजू मांडतो. त्या पद्धतीत पक्षकाराने थेट बॅरिस्टरकडे जायचं नसतं. सॉलिसिटर त्याला काम देतो, त्याला ब्रीफ म्हणतात. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत ही दुहेरी पद्धत १९७६च्या कायद्याने बंद होईपर्यंत चालू होती.

लंडनमध्ये त्यांनी काय पाहिलं असेल

मिडल टेंपल ही लंडनच्या चार जुन्या वकील-संस्थांपैकी एक. तिथे नुसती पुस्तकं वाचून भागत नसे. ठरावीक सत्रं हजेरी लावायची, सगळ्यांबरोबर दालनात जेवणं घ्यायची, ज्येष्ठांच्या संगतीत राहायचं. बारची सक्तीची परीक्षा १८७२ साली आली, म्हणजे बद्रुद्दीन साहेबांच्या नंतर. तेव्हाचा विद्यार्थी कोर्टात बसून, ऐकून शिकायचा.

आणि ऐकायला भरपूर होतं. वेस्टमिन्स्टर हॉलला लागून तीन मोठी कोर्टं भरत: क्वीन्स बेंच, कॉमन प्लीज आणि एक्स्चेकर. याशिवाय ट्रस्ट, वारसा, अज्ञान मुलांची मालमत्ता अशा मामल्यांसाठी चॅन्सरीचं कोर्ट वेगळं. लहान रकमेच्या दाव्यांसाठी १८४६च्या कायद्याने गावोगाव काउंटी कोर्टं झाली होती. हा सगळा मुख्यतः दिवाणी कारभार. इथे दोन माणसांचं भांडण असतं. एक म्हणतो माझे पैसे दे, माझी जमीन सोड, करार मोडलास त्याची भरपाई दे. सरकार या भांडणात पक्षकार नसतं. न्यायाधीश मधल्या पंचासारखा दोघांचं ऐकतो आणि ज्याची बाजू जास्त संभवनीय वाटते त्याच्या पारड्यात निकाल टाकतो. तराजूचं पारडं थोडं जरी झुकलं तरी चालतं. हरणारा पैसे देतो, तुरुंगात जात नाही.

इथे मुलांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बद्रुद्दीन साहेब विद्यार्थी होते तेव्हा इंग्लंडमध्ये कर्ज फेडलं नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत असे. १८६९च्या कायद्याने ही पद्धत बहुतांशी बंद झाली. म्हणजे दिवाणी आणि फौजदारी यांच्यातली भिंत तिथेसुद्धा हळूहळूच उभी राहिली.

फौजदारीचं जग वेगळं. तिथे तक्रार एका माणसाची असली तरी खटला राजाच्या, म्हणजे राज्याच्या, नावाने चालतो. लंडनमधले मोठे गुन्हे ओल्ड बेलीच्या कोर्टात जात. बाहेरच्या जिल्ह्यांत वरिष्ठ न्यायाधीश ठरावीक काळाने दौरा करून कोर्ट भरवत. खालच्या पायरीवर मॅजिस्ट्रेट असे. तो किरकोळ गुन्हे स्वतः निकाली काढी आणि गंभीर गुन्ह्यात पुरेसा पुरावा आहे का एवढं पाहून खटला वर पाठवी. वर बारा सामान्य नागरिकांची ज्युरी बसे. कायदा काय ते न्यायाधीश सांगणार, गुन्हा झाला का ते ज्युरी ठरवणार. आणि त्या बाराच्या बारा जणांचं एकमत व्हायला हवं. फौजदारीत पारडं झुकून चालत नाही. वाजवी शंका उरली तर आरोपी सुटतो. कारण इथे पणाला लागलेला असतो तो पैसा नव्हे, माणसाची आझादी, आणि तेव्हा तर जीवसुद्धा.

ही मांडणी पुढे बदलली. १८७३ आणि १८७५च्या कायद्यांनी वेस्टमिन्स्टरची जुनी कोर्टं आणि चॅन्सरी एकत्र करून एक हायकोर्ट झालं. दौऱ्याची कोर्टं गेली आणि १९७२ पासून क्राउन कोर्ट आलं. ज्युरीत दहा विरुद्ध दोन असा निकाल १९६७ पासून चालतो. सर्वात वर २००९ पासून सुप्रीम कोर्ट आहे. पण गाभा तोच आहे. आजही बहुतेक फौजदारी खटले मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात संपतात, गंभीर खटले ज्युरीपुढे जातात आणि दिवाणी दावे काउंटी कोर्ट किंवा हायकोर्टात चालतात.

मुंबईच्या कोर्टात

१८६७च्या डिसेंबरात ते मुंबईला परतले आणि हायकोर्टात वकिली सुरू केली. मुंबई हायकोर्टाचे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. हायकोर्टाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. आजूबाजूचे सगळे बॅरिस्टर गोरे. वय तेवीस. काळ्या माणसाला ब्रीफ कोण देणार हा प्रश्न होताच. मोठा भाऊ याच शहरात सॉलिसिटर होता, हा आधार होता. पण एका घराच्या आधारावर तीस वर्षं वकिली चालत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी आणि कागदपत्रांची तयारी यांच्या बळावर त्यांनी पहिल्या रांगेत जागा मिळवली.

पैसा आणि नाव मिळाल्यावर ते कोर्टापुरते राहिले नाहीत. १८७३ मध्ये मुंबई महापालिकेत गेले. १८७४ मध्ये भाऊ कमरुद्दीन आणि इतर साथीदारांबरोबर अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. सीएसएमटी स्टेशनसमोरची अंजुमनची इमारत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या इमारतीमागे या लोकांची मेहनत आहे. १८८२ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. पारशी, हिंदू आणि मुसलमान असे हे तिघे मित्र, तिघेही कायद्याचे जाणकार.

१८८३ साली इल्बर्ट बिलाचं वादळ आलं. प्रश्न सरळ फौजदारी न्यायाचा होता. मुंबई-कलकत्त्यासारखी शहरं सोडली तर बाहेर गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी मॅजिस्ट्रेटसमोर चालत नसे. हिंदी माणूस तीच परीक्षा पास होऊन, त्याच खुर्चीत बसला तरी. हा फरक काढायचा असं बिल होतं. गोऱ्यांनी देशभर आकांडतांडव केलं. मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या सभेत मेहता, तेलंग आणि तय्यबजी बिलाच्या बाजूने बोलले. शिव्यांना शिव्यांनी उत्तर न देता त्यांनी कायद्याचा मुद्दा मांडला. शेवटी १८८४ मध्ये तडजोड झाली: हिंदी जिल्हा मॅजिस्ट्रेट आणि सेशन्स जज खटला चालवू शकतील, पण गोऱ्या आरोपीला निम्मी ज्युरी गोऱ्यांची मागता येईल. हा निम्मा इन्साफ होता. पण न्यायाधीशाच्या कातडीचा रंग न्यायात येतो कसा, हा सवाल त्यानंतर कोणाला दाबता आला नाही.

१८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला विरोध होता. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटले नाहीत. पण बद्रुद्दीन साहेबांनी सर सय्यद यांच्या तालीमच्या कामाबद्दल आदर सोडला नाही आणि आपलं मतही सोडलं नाही. मुसलमानांनी आपल्या खास प्रश्नांसाठी आपल्या संस्था काढाव्यात आणि साऱ्या देशाच्या प्रश्नांसाठी सगळ्यांबरोबर बसावं, अशी त्यांची भूमिका होती. अंजुमन आणि काँग्रेस, दोन्ही ठिकाणी ते त्यामुळेच दिसतात.

४ ऑगस्ट १८९७

जून १८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या कोर्टातले पहिले मुस्लिम न्यायाधीश. दोन वर्षांनी त्यांच्यासमोर असा अर्ज आला, ज्यामुळे त्यांचं नाव आजही वकिलांच्या तोंडी आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेग अधिकारी रँड यांच्यावर २२ जूनला गोळ्या झाडल्या गेल्या. सरकार चवताळलं. केसरीतल्या लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर कलम १२४ अ खाली राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि २७ जुलैला त्यांना मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला, तो न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यासमोर मंजूर झाला नाही. मग मॅजिस्ट्रेटने खटला सेशन्सला पाठवल्यावर ४ ऑगस्टला बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्या. तय्यबजींसमोर पुन्हा अर्ज केला.

परिस्थितीचा विचार करा. इंग्रज अधिकाऱ्यांचा खून झालेला, सरकारी वर्तुळात टिळकांचं नाव काढलं तरी भुवया चढत होत्या. न्यायाधीश स्वतः सरकारने नेमलेला, त्यातून मुसलमान, त्यातून काँग्रेसचा माजी अध्यक्ष. टिळकांशी त्यांचं राजकारण जुळणारंही नव्हतं. अर्ज फेटाळला असता तर कोणी काही म्हटलं नसतं.

त्यांनी जामीन दिला. विचार अगदी साधा होता, आणि तो लंडनमध्ये शिकलेल्या फौजदारी कायद्याच्या गाभ्यातून आलेला होता. जामीन म्हणजे निर्दोष ठरवणं नव्हे. कोर्टाने एवढंच पाहायचं की हा माणूस खटल्याच्या दिवशी हजर राहील की पळून जाईल. टिळक पळून जाणारे नाहीत हे उघड होतं. आणि सुनावणीपर्यंत महिनाभर आत ठेवून पुढे ते निर्दोष सुटले, तर त्या कोठडीची भरपाई कोण करणार? शिक्षा निकालानंतर द्यायची असते, आधी नाही.

या जामिनामुळे टिळकांना बचावाची तयारी करता आली. कलकत्त्याहून बॅरिस्टर पग आले. ८ सप्टेंबरला न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर खटला सुरू झाला. ज्युरी नऊ जणांची होती, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. १४ सप्टेंबरला सहांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. इंग्लंडमध्ये तेव्हा ज्युरीचं एकमत लागत होतं; तिथे अशा फुटलेल्या ज्युरीवर शिक्षा झाली नसती. मुंबईत नऊपैकी सहा आणि न्यायाधीशाची संमती एवढं पुरत होतं. पद्धत इंग्लंडहून आणली, पण येताना तिच्यातला आरोपीचा एक मोठा बचाव समुद्रातच राहिला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागितली, तीही मिळाली नाही.

म्हणजे तय्यबजींच्या आदेशाने टिळकांची शिक्षा टळली नाही. मग त्याचं महत्त्व काय, असं मुलं विचारतात. महत्त्व हे की हुकूमत एका बाजूला असताना एका न्यायाधीशाने कायदा जसा आहे तसा वाचला. आरोपी कोणत्या धर्माचा, कोणत्या पक्षाचा, सरकारला किती नावडता, हे पाहिलं नाही.

आणि एक योगायोग. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. न्यायाधीशाच्या खुर्चीत होते तेच दिनशा दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागितला होता. त्यांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. कायदा तोच, इमारत तीच. फरक खुर्चीत बसलेल्या माणसाचा.

शेवट आणि आपण

१९०२ मध्ये बद्रुद्दीन साहेबांनी मुंबई हायकोर्टाचे प्रभारी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी. घरात मुलींच्या शिक्षणाचा आणि पडद्याची सक्ती कमी करण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी समाजाची बोलणीही ऐकली. १९०६ मध्ये रजेवर इंग्लंडला गेले असताना ऑगस्ट महिन्यात लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. ज्या शहरात कायदा शिकले तिथेच अखेरचा श्वास घेतला.

१९७७ साली आपल्या सुप्रीम कोर्टात न्या. कृष्णा अय्यर यांनी जामीन देणं हा नियम आणि तुरुंग हा अपवाद असं तत्त्व स्पष्टपणे मांडलं. त्याच्या ऐंशी वर्षं आधी मुंबईत एका न्यायाधीशाने ते वापरलं होतं. तरी आजही कित्येक घरांतले मुलगे निकालाची वाट पाहत आत आहेत, आणि त्यांच्या आया कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या आहेत. जामिनाचा अर्ज कुठे करायचा, कोण करणार, हे त्यांना कळत नाही.

म्हणून मी मुलांना या धड्यानंतर दोन गोष्टी वहीत लिहायला लावतो. पैसे, जमीन, मेहर, वारसा, भाडं, वक्फच्या मिळकतीचा वाद, हे दिवाणी. त्यासाठी दावा लागतो, कागद लागतो, सबुरी लागते. मारहाण, चोरी, फसवणूक, धमकी, हे फौजदारी. त्यासाठी फिर्याद लागते आणि आरोपी असाल तर पहिल्या दिवसापासून वकील लागतो. कधी एकाच घटनेतून दोन्ही निघतात, तेव्हा दोन्ही दारं उघडी असतात.

गेल्या वर्षी हा धडा संपल्यावर आठवीतली एक मुलगी थांबली. तिने विचारलं, सर, वकील व्हायला कोणते विषय घ्यावे लागतात? मी तिला सांगितलं की बारावी कोणत्याही शाखेतून कर, मग प्रवेश परीक्षा आहे, त्याची तयारी आपण करू. तय्यबअली भाईमियाँ यांनी मुलाला जहाजात बसवलं होतं. आपल्याला तर फक्त लॉ कॉलेजच्या दारापर्यंत न्यायचं आहे. तेवढं तरी आपण करूया.